ताडीला पहारा, बियरला परवाना

‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातेत जितकी प्रचलित आहे तितकीच ती महाराष्ट्रात आणि कोकणपट्टीतही ऐकू येते. तापीकाठच्या या शहराने खाण्याचे शोक मनापासून जोपासले. घारी, लोचो, उंधियू आणि हिवाळ्यातला कोवळ्या ज्वारीचा पोंक यांची नावे निघाली की सुरतकराची कळी खुलते. जेवणाच्या जोडीला जगात सर्वत्र पेय असते. पण त्या बाबतीत हे रसिक शहर गेली पाऊणशे वर्षे कायद्याने मुके झालेले आहे. तेथे ग्लासभर बियर प्यावयाची तर आधी सरकारी परवाना हवा, आणि तो आरोग्याच्या कारणासाठी किंवा परगावचा पाहुणा म्हणूनच मिळावयाचा. स्वतःच्या हाताने बियर तयार करून ती तेथल्या तेथे विकणारी ब्रुअरी काढण्याचा तर तेथे प्रश्नच उद्भवत नाही.

सुरतेहून दक्षिणेला उतरून महाराष्ट्रात शिरले की चित्र अगदी निराळे दिसते. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही देशातली पहिली छोटी ब्रुअरी म्हणून गणली जाणारी संस्था सुरू झाली, आणि तेव्हापासून ‘क्राफ्ट बियर’ हा शब्द मराठी शहरांत रुळला. पुढे पुण्यातच ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘ग्रेट स्टेट’, मुंबईच्या परिसरात ‘गेटवे’, आणि आमच्या गोव्यात सांगोल्ड्याची ‘गोवा ब्रुइंग कंपनी’ अशी नावे पुढे आली. ‘गेटवे’ची ‘व्हाइट झेन’ ही गव्हाची बियर, हणजुण्याच्या हिप्पी जमान्यातील एका प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाने निघालेली ‘एट फिंगर एडी’ ही कडवट पेल एल, ‘ग्रेट स्टेट’ची मीठ आणि कोकम घातलेली आंबट बियर यांविषयी तरुण मंडळी आज ज्या आत्मीयतेने बोलतात, त्या आत्मीयतेने त्यांचे आजे फक्त हापूस आणि मानकुराद यांच्याविषयी बोलत असत. बुटक्या बाटलीतली ‘किंग्ज’ ज्या गोमंतकीय पिढीला आठवते तिला या नव्या चवी कदाचित अनोळखी वाटतील. तथापि आपल्या मुलखाची चव आपल्या पेयात उतरावी ही त्यामागची ओढ तिलाही परकी वाटणार नाही.

या ओढीविरुद्ध आमची काहीही तक्रार नाही. मोठमोठ्या कारखान्यांनी देशभर एकाच चवीची, एकाच रंगाची बियर पोचवली, आणि त्या एकसुरीपणाला कंटाळून कोणी लहान प्रमाणावर, ताजी आणि न गाळलेली बियर करू लागला तर त्यात एका हुन्नराचे पुनरुज्जीवन आहे. जवाला किंवा गव्हाला मोड आणून ते वाळवायचे, भरडून ऊन पाण्यात मुरवायचे, निघालेला गोड रस हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर उकळायचा, निववून त्यात यीस्ट सोडायचे आणि आठवडे दोन आठवडे थांबायचे, हा उद्योग धीराचा आणि स्वच्छतेचा आहे. आमचा प्रश्न निराळाच आहे. स्थानिक, ताजे, हाताने केलेले, कमी मादक असे पेय म्हणून ज्याचे आज कौतुक होते, ते सुरतेच्या मुलखात पूर्वी कधी नव्हतेच काय? असेल तर ते गेले कुठे? आणि ते करणाऱ्यांचे पुढे काय झाले?

पेयांच्या इतिहासात सुरतेचे नाव जुने आहे. इंग्रजांनी आपली वखार येथे उघडली त्याच पहिल्या काही वर्षांत, १६१७ च्या डिसेंबरात, पायी जग हिंडणारा टॉमस कोरिएट हा प्रवासी सुरतेत पोचला. पोटाचा विकार जडलेला असतानाच वखारीतल्या देशबांधवांनी आग्रहाने पाजलेले विलायती मद्य त्याला भोवले आणि तेथेच त्याचा अंत झाला. १६३८ मध्ये आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने वखारीत प्याल्या जाणाऱ्या एका मिश्र पेयाचे वर्णन करून ठेवले आहे. दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे ते मिश्रण पुढे ‘पंच’ या नावाने अर्ध्या जगात गेले. आपल्या ‘पाच’ या शब्दावरून ते नाव पडले असे परंपरेने सांगतात. शतकाच्या अखेरीस, १६८९ मध्ये, सुरतेत राहिलेल्या ओव्हिंग्टन या धर्मोपदेशकाने गोव्याची अराक आणि बंगालची अराक यांची तुलना केली आहे. म्हणजे गोव्याच्या माडांचा रस तीनशे वर्षांपूर्वी सुरतेच्या मेजवान्यांत पोचलेला होता. या दोन बंदरांचे नाते आजचे नव्हे.

हा झाला वखारवाल्यांचा इतिहास. मुलखाचे खरे पेय मात्र वखारीच्या भिंतीबाहेर होते. सुरत, नवसारी, वलसाड आणि आजचा तापी जिल्हा या पट्ट्यात ताडाची आणि शिंदीची झाडे विपुल. शिंदी म्हणजे रानखजुरी. तिच्या शेंड्याखाली साल तासून खाच करायची आणि संध्याकाळी मडके बांधायचे. ताडाला मात्र वर चढून त्याचा फुलोरा छेदावा लागतो. पहाटेपूर्वी उतरवलेला थंड रस ती नीरा, आणि तोच रस उन्हे चढेपर्यंत राहिला की हवेतल्या व मडक्यातल्या किण्वाने फेसाळून ताडी होतो. त्यात बाहेरून साखर, माल्ट, हॉप्स वा यीस्ट असे काहीही घालावे लागत नाही. साधारणपणे बियरइतकीच तिची मादकता असते. दुसऱ्या दिवशी ती आंबते आणि पुढे तिचा शिरका होतो. आपल्या कोकणातील माडीचा आणि गोव्यातील सुरेचा प्रकार हाच. ताडी ही गाळलेली दारू नव्हे, ती आंबवलेले पेय आहे, हा भेद येथे ध्यानात ठेवला पाहिजे. कारण कायद्याने तो भेद पुढे फारसा ठेवला नाही. चौधरी, गामीत, धोडिया, कोकणा या आदिवासी समाजांत ताडी हे अन्नही होते आणि देवकार्यातला प्रसादही. मोहाच्या फुलांची दारू ती निराळी. ती भट्टीवर गाळावी लागे आणि सणासमारंभाला निघे.

या व्यवस्थेवर पहिला घाव घातला तो कुठल्याही नीतिवाद्याने नव्हे, तर महसूल खात्याने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारूचे उत्पादन ठरावीक मध्यवर्ती भट्ट्यांत आणले, विक्रीचे मक्ते लिलावाने दिले आणि छेदल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर कर बसवला. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठीही स्वतंत्र कायदा झाला आणि रानात पडलेले फूल वेचून घरी साठवणे हाही सरकारी परवानगीचा विषय ठरला. परिणाम व्हायचा तोच झाला. आपल्या बांधावरच्या झाडाचा रस स्वतः काढून पिणारा आदिवासी, तोच रस दुकानातून उधारीवर विकत घेऊ लागला. दक्षिण गुजरातेत हे मक्ते मुख्यतः पारशी व्यापाऱ्यांकडे गेले. दुकानदार हाच सावकार झाला, आणि पुढे पुष्कळ ठिकाणी तोच जमिनीचा मालकही झाला. हा दोष एखाद्या जमातीचा नव्हता, मक्त्याच्या पद्धतीचा होता. मक्ता दुसऱ्या कोणाच्या हाती गेला असता तरी वहीतले आकडे तेच राहिले असते.

गोमंतकीय वाचकांना ही हकिकत परकी वाटू नये. त्याच १८७८ साली झालेल्या इंग्रज–पोर्तुगीज तहाने गोव्याचे मीठ आणि गोव्याची अबकारी ही दोन्ही ब्रिटिश हिंदुस्थानच्या पद्धतीला जखडली गेली. वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात मिठागरांवरचा हक्क गहाण पडला आणि माडांवरच्या करांनी रेंदेरांचे कंबरडे मोडले. १८९२ च्या प्रारंभी तो तह संपला तोपर्यंत अनेक कुटुंबांनी गाव सोडले होते. उत्तर कोकणात भंडारी समाजाने हाच अनुभव घेतला. किनाऱ्यावरचा माड, घाटपायथ्याचा मोह आणि तापीकाठची शिंदी या तिघांवर एकाच दशकात एकाच कचेरीची नजर पडली होती.

यानंतर जे घडले ते आधुनिक इतिहासातील अत्यंत विलक्षण प्रकरणांपैकी एक होय, आणि त्याचा उगम आपल्या किनाऱ्यावर आहे. १९२२ च्या प्रारंभी वसई–पालघर पट्टीतील कोळी मच्छीमारांच्या वस्त्यांत देवीच्या कोपाच्या शांतीसाठी विधी सुरू झाले. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी आज्ञा देऊ लागली. ही लाट किनाऱ्यावरून ठाण्याच्या रानात, तेथून डांगमार्गे गुजरातेत पोचली. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील खानपूर या आडगावी सुमारे दोन हजार आदिवासी सलाबाई नावाच्या देवीच्या आज्ञा ऐकण्यास जमले. दारू आणि ताडी सोडा, मांसमासळी सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा, आणि ताडीदारूच्या दुकानदाराच्या शेतावर कामाला जाऊ नका, अशा त्या आज्ञा होत्या. काही आठवड्यांत गावेच्या गावे पिण्याची थांबली आणि दुकाने ओस पडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीचा गावोगाव फिरून मागोवा घेतला आहे. ती वरून कोणी पेटवलेली नव्हती. काँग्रेसचे कार्यकर्ते तेथे पोचले ते नंतर.

या चळवळीचा अर्थ नीट लावला पाहिजे. शहरी सुधारकाला तीत केवळ व्यसनमुक्ती दिसली. वस्तुतः तो एक आर्थिक बहिष्कार होता. जे पेय आपले होते ते दुसऱ्याच्या हाती जाऊन आपल्या गळ्यातला फास झाले, तेव्हा लोकांनी पेयच टाकून फासाची गाठ सोडवली. पुढे काही जण पुन्हा ताडीकडे वळले आणि समाजात वर्ज्य मानणारे व न मानणारे असे ‘वरजेला’ आणि ‘सरजेला’ हे दोन पंथ पडले. हेही स्वाभाविकच होते. ज्याला सोडण्याचा अधिकार आहे त्याला धरण्याचाही अधिकार असतो; आणि दोन्ही निर्णय त्या लोकांनी आपापसांत, आपल्या मांडवात बसून घेतले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात याच जिल्ह्यात ताडीबंदीला नवे बळ मिळाले. दांडीच्या परिसरात गांधीजींनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम दिला आणि दारूच्या दुकानांवर निरोधन करण्याचे काम स्त्रियांकडे सोपवले. त्या कामात अग्रभागी राहिलेल्या मिठूबेन पेटिट या मुंबईच्या एका धनाढ्य पारशी घराण्यातील कन्या होत्या. त्यांनी सुखवस्तू आयुष्य सोडून सुरतेजवळच्या मरोलीच्या आश्रमात जन्म काढला. दुकानदार पारशी होते हे ज्यांना आठवते, त्यांनी मिठूबेन पारशी होत्या हेही विसरू नये. झाडे तोडण्याविषयी मात्र आमचे मत निराळे आहे. शिंदीचे झाड हे नीरेचे, गुळाचे, चटयांचे आणि झाडूचेही झाड आहे. ताडगुळाच्या धंद्याला उत्तेजन देण्याचे धोरण खुद्द गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमात होतेच, आणि पुढे डहाणूला ताडाच्या उत्पादनांसाठी खादी ग्रामोद्योग आयोगाची संस्थाही उभी राहिली. म्हणजे दोष झाडाचा नाही हे त्याच परंपरेने मान्य केले होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात त्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. १९६० मध्ये मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा हा एकच कायदा दोन्ही भावंडांच्या वाट्याला आला. धाकट्याने तो देवघरात ठेवला. थोरल्याने त्याला परवान्यांच्या इतक्या खिडक्या पाडल्या की मूळ भिंत दिसेनाशी झाली. आज पुण्याची मायक्रोब्रुअरी आणि सुरतेचा ताडीवरचा खटला, या दोहोंच्या मुळाशी १९४९ चे तेच एक कलमबद्ध पुस्तक आहे. एकाच कायद्याची इतकी भिन्न फळे क्वचितच दिसतील.

या भिन्नतेचे सर्वांत गमतीदार दर्शन नवापूरच्या रेल्वे स्थानकावर घडते. सुरत–भुसावळ मार्गावरील या स्थानकाच्या मधून राज्यांची सीमा जाते. फलाटाचे एक टोक नंदुरबार जिल्ह्यात, दुसरे तापी जिल्ह्यात. एका टोकाला जी बाटली परवान्याने धकते ती फलाटावरून चालत काही पावले नेली की गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते. पोटासाठी खानदेशातून निघून सुरतेच्या यंत्रमागांवर आणि साड्यांच्या बाजारात राबणारा लिंबायत–उधन्याचा मराठी कामगार याच गाडीने सणावाराला गावी जातो. सीमेचा अर्थ त्याला कोणत्याही विधिज्ञाहून अधिक कळतो. दुसरीकडे दमण आहे. १९८७ पर्यंत गोवा आणि दमण एकाच प्रशासनाखाली होते, तेव्हा दमणच्या दारूदुकानांची भरभराट कोणाच्या जिवावर चालते हे आम्हांला नव्याने सांगण्याची गरज नाही. शनिवारी संध्याकाळी सुरतेहून निघणाऱ्या मोटारी त्या रस्त्याची साक्ष देतात.

ज्याच्यापाशी मोटार आहे त्याची अशी सोय होते. ज्याच्यापाशी ती नाही त्याचे काय होते? जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांच्या खेड्यांत चाळीसहून अधिक बळी गेले. तेथे तर दारू म्हणून विकले गेलेले द्रव्य कारखान्यातून चोरलेले मिथेनॉल पाण्यात मिसळून केलेले होते. या दोन दुर्घटनांच्या मधल्या काळात कायदा सौम्य झाला नव्हता, तो कडक झाला होता. विषारी दारूने मृत्यू घडविणाऱ्यास फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली होती आणि २०१७ च्या दुरुस्तीने विक्रेत्याचा तुरुंगवास दहा वर्षांपर्यंत वाढला होता. शिक्षा वाढली म्हणून विष थांबले नाही. झाडाखाली बसून प्यालेल्या ताज्या ताडीने गाव मेल्याचे कोणी ऐकलेले नाही. तिच्यातही क्लोरल वा तत्सम भेसळ मिसळण्याचे पाप शहरी गुत्त्यांत झाले आहे, पण ते पाप दुकानाचे, झाडाचे नव्हे.

दारूबंदीच्या समर्थनार्थ जे म्हणता येईल ते आम्ही कमी लेखीत नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे या किनाऱ्यावर प्रत्येकाने पाहिली आहेत. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जातो आणि रात्री मार बायकोला मिळतो, हे दुःख कोणत्याही स्वातंत्र्याच्या तत्त्वज्ञानाने हलके होत नाही. महाराष्ट्रात स्त्रियांनी ‘बाटली आडवी’ करण्यासाठी मते दिली आणि निम्म्याहून अधिक मतांच्या बळावर गावोगावची दुकाने बंद पाडली, तो मार्ग आम्हांला पूर्ण मान्य आहे. मात्र हाच दाखला निराळी गोष्टही सांगतो. तेथे बंदी टिकते ती गावाने ठरवली म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये शासनाने लागू केलेली बंदी २०२१ मध्ये शासनानेच उठवली. वरून आलेला निर्णय वरूनच गेला.

आणि वरून येणारे निर्णय सर्वांना सारखे लागू होतात असेही दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारने गांधीनगरजवळच्या ‘गिफ्ट सिटी’तील हॉटेलांत आणि क्लबांत तेथील कर्मचारी व पाहुणे यांना मद्यपानाची सवलत दिली. परदेशी गुंतवणूकदारांना अनुकूल वातावरण हवे, असे तिचे कारण. कारण वाजवी असेल. आम्ही त्या सवलतीला विरोध करीत नाही. पण गुंतवणूकदाराच्या संध्याकाळसाठी जर कायद्याला वळण देता येते, तर व्यारा किंवा मांडवीच्या आदिवासीच्या शिंदीसाठी का देता येऊ नये? हिवाळ्यात सुरतेच्या रस्त्यांवर परवान्याने नीरा विकली जाते आणि लोक ती आवडीने पितात. तीच नीरा दोन तास उन्हात राहिली की पोलिसाच्या कक्षेत जाते. गुन्हा आणि ग्रामोद्योग यांमधले अंतर सूर्याच्या चढण्यावर अवलंबून ठेवणारा कायदा गरिबाला कधीच निर्धास्त बसू देत नाही. तो त्याला हप्त्याला बांधून ठेवतो.

अन्य राज्यांनी याबाबत थोडा शहाणपणा दाखवला आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहाची फुले वेचणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले. साठसत्तर वर्षे रानातले फूल हा संशयित माल होता तो पुन्हा फूल झाला. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा दिला आणि अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटाची ‘मोंड’ बाजारात आली. हा जिल्हा गुजरातच्या सीमेला लागून आहे आणि सीमेपलीकडचे भिल्ल त्यांचेच सोयरे आहेत. आमच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचे पेय म्हणून कायद्यात स्थान दिले. ज्या फेणीला एकेकाळी प्रतिष्ठित मंडळी नाक मुरडीत, तीच आज विमानतळावर सजवलेल्या बाटलीत मिळते.

कायद्याच्या पुस्तकात उत्तर आधीच लिहिलेले आहे. १९९६ चा ‘पेसा’ कायदा अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना व पंचायतींना मादक पदार्थांची बंदी करण्याचा, अथवा त्यांच्या विक्रीचे व सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार देतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आणि गुजरातने २०१७ मध्ये त्याचे नियमही केले. ‘बंदी’ आणि ‘नियमन’ हे दोन्ही शब्द त्या कायद्यात शेजारी शेजारी आहेत. संसदेला आदिवासी गावाच्या विवेकावर विश्वास होता. राज्यांच्या अबकारी व गृह खात्यांना तो अद्याप वाटत नाही, एवढाच काय तो अडसर.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. आंबवलेली ताडी आणि गाळलेली दारू यांत कायद्याने स्पष्ट फरक करावा. जगातल्या बहुतेक देशांत बियर आणि ब्रँडी यांवर एकच नियम नसतो. दक्षिण गुजरातच्या अनुसूचित गावांत ताडीचे काय करावे हे ग्रामसभेने ठरवावे, त्या सभेत स्त्रियांची उपस्थिती आणि मत निर्णायक असावे, आणि गावाने बंदी ठरवली तर पोलिसांनी ती त्याच निष्ठेने पाळावी. जेथे विक्रीला मुभा मिळेल तेथे ती झाड छेदणाऱ्याच्या सहकारी संस्थेलाच असावी. लिलावाने मक्ता देण्याची १८७८ ची चूक पुन्हा होऊ नये. सुरतेत उद्या ब्रुअरी निघाव्यात की नाहीत हा प्रश्न त्यानंतरचा. आधी ब्रुअरी आणि मागाहून ताडी असा क्रम लागला, तर शहराला नवी चव मिळेल आणि रानाला जुनीच शिक्षा.

हे सुरतेला सांगताना आम्ही आमच्या अंगणाकडे डोळेझाक करू शकत नाही. दारू स्वस्त आणि सुलभ आहे म्हणून गोव्याकडे येणाऱ्या पर्यटकांत गुजरातचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्या गर्दीवर आमच्या तिजोरीचा बराच भरवसा आहे. दुसऱ्याच्या बंदीवर चालणारा धंदा हा फार अभिमानाचा विषय नव्हे. त्याच वेळी माडावर चढणारा रेंदेर मात्र दरवर्षी दुर्मिळ होत चालला आहे. त्याचा मुलगा बोटीवर नाही तर हॉटेलात नोकरी पाहतो, आणि सुरेवाचून सान्नां करावे लागतात म्हणून घरातली वडीलधारी माणसे हळहळतात. नव्या बियरच्या बाटलीवर माडाचे चित्र छापणे सोपे आहे. माडावर चढणाऱ्याला विमा, सुरक्षित चढणीचे साधन आणि रसाला रास्त भाव देणे कठीण आहे, आणि सरकारने करायचे काम तेच आहे. कोकमाची बियर करणाऱ्या तरुणांनाही आमची विनंती एवढीच की कोकम वेचणाऱ्या बाईचा हिशेब त्यांनी आपल्या वहीत मांडावा.

१९२२ मध्ये वसई–पालघरच्या कोळीवाड्यांतून निघालेला एक निरोप पायवाटांनी सुरतेपर्यंत गेला होता. ताडी वाईट की चांगली, एवढ्यापुरता तो निरोप नव्हता. आपण काय प्यावे, काय सोडावे आणि त्याचा पैसा कोणाच्या घरी जावा, हे आपण ठरवू, असे त्या माणसांनी जाहीर केले होते. शंभर वर्षे उलटली. त्यांच्या नातवंडांना तो अधिकार संसदेने कागदावर दिलेला आहे. गांधीनगरने आणि मुंबईने तो त्यांच्या हाती पडू द्यावा.